कोरडे मिस्त्रींचा खड्डा

या कामातून मिस्त्रींच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी बघू. एक, लेक घरी राहणार होती. दोन, मागच्या खड्ड्यावरून बोलणाऱ्या शेजारच्या औषधवाल्यांचं तोंड काही काळ तरी बंद होणार होतं. तीन, काम सोडून घरी बसल्यापासून शिवशिवणाऱ्या हातांना शेवटची एक टाकी मिळणार होती. यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट ते भेटेल त्याला सांगत. पहिली त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. त्यामुळे खरी जमा कुठली, हे बायकोला न विचारताच कळलं.

मिस्त्री पाण्याच्या टाक्या बांधायचे. शाळेची टाकी त्यांची, दवाखान्याची त्यांची, बेकरीवरचीही त्यांचीच. टाकी बांधून झाली की ती काठोकाठ भरायची, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ मारायची आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी मालकाला घेऊन शिडी चढायची, रेघ दाखवायची आणि दोन शब्द बोलायचे, "हललं नाही." एवढं बोलून उतरायचं. टाकीवर बाहेरून हात फिरवला तर हाताला धूळ लागायची, ओल नाही. म्हणून लोक त्यांना कोरडे मिस्त्री म्हणत. बोलण्यावरूनही तेच नाव पडलं असतं, पण टाकीने आधी नंबर लावला.

अशा माणसाच्या घरामागे मैल्याचा खड्डा मात्र दुसऱ्याच्या हातचा होता. घर विकत घेतलं तेव्हा आधीचा मालक गेला, त्याचा खड्डा मागे राहिला. वस्ती गावाच्या कडेला, गटाराची लाइन तिथवर पोचलेली नाही, ज्याने त्याने आपापलं निस्तरायचं. दोन माणसांचं घर, म्हणून खड्डा कसाबसा तग धरून होता. पाहुणे आले की कुरकुर करायचा.

लेक शहरात एका मोठ्या कंपनीच्या पाळणाघरात कामाला होती. दुसऱ्यांची पोरं दुसऱ्यांच्या नोकरीत सांभाळायचा तिला कंटाळा आला होता. लांब रजा काढून ती घरी आली आणि म्हणाली, पुढच्या दोन खोल्यांत माझं पाळणाघर काढते. गल्लीतल्या आया तयार होत्या. पालिकेची एकच अट आडवी आली. इतकी मुलं म्हणजे तितके संडास, तितकं हात धुणं, तितके कपडे. मैल्याची नीट सोय दाखवा, मग परवाना. रजा संपायच्या आत परवाना मिळाला तर राजीनामा, नाही मिळाला तर परतीची गाडी. लेकीने दोन्ही कागद तयार ठेवले होते. ती बापाचीच मुलगी होती.

"त्यात काय," मिस्त्री म्हणाले. "टाकीच तर बांधायची."

जेवणं झाल्यावर लेकीने टेबल पुसलं आणि चार वाट्या मांडल्या. तिला लहान मुलांना समजवायची सवय होती, ती मोठ्यांवरही चालायची.

"बाबा, ही पहिली. चहूबाजूंनी बंद टाकी. सगळं आत साठतं, भरली की उपसायची गाडी बोलवायची."

"हीच."

"अजून तीन आहेत."

"असू देत."

"बंद टाकी पोरांच्या धुण्यापुसण्याने भराभर भरेल. गाडी सारखी दारात. आया पोरं सोडायला येतील तेव्हा दारात काय उभं असेल, सांगा."

बायकोने पहिली वाटी उचलून फळीवर ठेवली. तिचं मत नोंदवायची ही पद्धत होती.

दुसरी वाटी शोषखड्ड्याची. खोल खणायचा, पाणी त्यात सोडायचं. तो जितका खोल तितका जमिनीतल्या पाण्याच्या जवळ, आणि कुंपणापलीकडे औषधवाल्यांची विहीर. तिसरी मशीनची, म्हणजे पंख्याने हवा फुंकून पाणी स्वच्छ करणारी. तसलं औषधवाल्यांकडे होतंच. दिवसरात्र गुरगुरायचं, वीज गेली की हातपाय गाळायचं.

"आणि ही चौथी," लेक म्हणाली. "दोन कप्प्यांची टाकी. आई, भांडी भिजत घातलेला टब कसा असतो? गाळ तळाला बसतो, तेलकट तवंग वर येतो आणि मधलं पाणी त्यातल्या त्यात बरं असतं. टाकीत तसंच होतं. गाळ आत कुजत राहतो, काही वर्षांनी उपसायचा. मधलं पाणी तेवढं पाइपने बाहेर पडतं आणि बागेत पुरलेल्या भोकाच्या पाइपांतून, खडीतून जमिनीत मुरतं. पुढची सफाई माती करते."

"बाहेर पडतं," मिस्त्री म्हणाले.

"हो."

"मग चावी कुठे बसवायची?"

"चावी नसते, बाबा. ती वाट कायम उघडी."

मिस्त्रींनी वाटीत डोकावून पाहिलं, जणू गळती तिथेच दिसणार होती. "ज्या वाटेला चावी नाही तिला आमच्यात गळती म्हणतात."

"यांच्यात निचरा म्हणतात."

"म्हणजे अर्धं काम मी करायचं आणि उरलेलं मातीच्या भरवशावर सोडायचं. मातीला काय येतं?"

"ती तुमच्यापेक्षा जुनी आहे या धंद्यात," बायको म्हणाली आणि उरलेल्या दोन वाट्याही फळीवर ठेवल्या. टेबलावर चौथी राहिली. निवड झाली.

बातमी कुंपणापलीकडे जायला वेळ लागला नाही. औषधवाले विहिरीशी येऊन उभे राहिले. दुकानात ते जसं विचारतात, तसंच त्यांनी विचारलं, म्हणजे आधी आजाराचं नाव घेऊन मग तब्येत.

"काय मिस्त्री, टाकी गळकी बांधताय म्हणे."

"ऐकलंत बरोबर."

"या वयात?"

"चांगलं काम सगळ्यांना येतं. गळकं नीट बांधायला अनुभव लागतो."

औषधवाले हसले, पण विहिरीच्या काठावरचा हात काढला नाही. "थट्टा राहू द्या. पाणी माझ्या बाजूला सोडलंत तर मी पालिकेत हरकत घेईन. आधीच सांगून ठेवतो, नंतर शेजारधर्म काढू नका."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं आणि त्याचाच मिस्त्रींना राग आला. विहिरीपासून दूर जायचं तर एकच जागा उरत होती, घरासमोरची बाग. बायकोची.

पालिकेची निरीक्षक आली. बाईंची एक खोड होती, उत्तर पटलं नाही की तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारायच्या. टाकी कोण बांधणार, असं त्यांनी दोनदा विचारलं. पहिल्या वेळी मिस्त्री "मी" म्हणाले, दुसऱ्या वेळी "कोरडे". मग बाईंनी मान हलवली, पालिकेच्या कार्यालयावरची टाकी मिस्त्रींचीच होती.

"टाकीची मला काळजी नाही," बाई म्हणाल्या. "मातीची आहे. माती किती पाणी पिते ते बघायचं. इथे, इथे आणि तिथे खड्डे घ्या. आदल्या दिवशी पाण्याने भरून ठेवा, माती भिजू दे. मी येऊन पुन्हा पाणी ओतेन आणि किती वेळात किती उतरतं ते मोजेन. खड्डे नीट तयार ठेवा."

शेवटचं वाक्य त्या सगळ्यांनाच म्हणत असणार. कुणी मान डोलावतं, कुणी फावड्याने चार ढेकळं काढून ठेवतं. पण इथे ऐकणारा कोरडे मिस्त्री होता.

मिस्त्रींनी खड्डे घेतले. ओळंबा सोडून घेतले, तळ लेव्हलला, कोपरे काटकोनात. औषधवाले कुंपणावरून बघून गेले आणि परत येऊन त्यांनी आपल्या बायकोलाही दाखवले. पालिकेचं माणूस बघायला येणार आणि कडा ओबडधोबड दिसणार, हे मिस्त्रींच्या हाताला सोसेना. हाताने आपणहून थापी उचलली. ओली माती भिंतीवर दाबली, घोटली, पुन्हा पाण्याचा हात फिरवून घोटली. सिमेंटचा कणही नाही. संध्याकाळी खड्डे भरले तेव्हा पाण्यात घर दिसत होतं.

सकाळी निरीक्षक बाई मोजपट्टी घेऊन खड्ड्याशी बसल्या. वरून थोडं पाणी ओतलं, वेळ लावली. मिस्त्री शेजारी उकिडवे बसले. आयुष्यभर ज्या पाण्याकडे बघत ते बसले होते, तसंच हे पाणी होतं. बाईंनी पट्टी वाचली, थांबल्या, पुन्हा वाचली.

"हललं नाही," मिस्त्री म्हणाले.

तोंडातून गेलं, आणि अभिमानाने गेलं. मग त्यांनी वर पाहिलं. समोर लेक उभी होती आणि तिचा चेहरा असा होता की मिस्त्रींना ते दोन शब्द परत गिळता आले असते तर त्यांनी त्यावर पाणीसुद्धा प्यायलं नसतं.

बाईंनी तिन्ही खड्डे पाहिले. तिन्हीकडे तेच. "माती पीत नाही," त्या म्हणाल्या. "इथे पाइप पुरले तर पाणी वर येईल, मुलांच्या पायाखाली. मी हो म्हणू शकत नाही. बंद टाकी करा, पण तिच्यावर पाळणाघराचा परवाना मिळणार नाही."

लेकीने "बरं" म्हटलं, बाईंना चहा विचारला, त्यांना दारापर्यंत सोडलं आणि आत जाऊन कपाटावरची बॅग खाली काढली. रडणं नाही, आदळआपट नाही. हे फार वाईट होतं. मिस्त्रींना भांडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते ठाऊक होतं.

बायको मात्र बागेतच थांबली होती. या बागेला ती घर घेतल्यापासून पाणी घालत होती. संध्याकाळी घातलेलं सकाळी दिसत नाही, अशी तिची कायमची तक्रार. तीच माती एका रात्रीत प्यायची विसरली? ती खड्ड्याशी गुडघे टेकून बसली, हात आत घातला आणि भिंतीवरून बोट फिरवलं. बोट सरसरत खाली गेलं.

"अहो."

मिस्त्री आले.

"हे कुणी घोटलं?"

"मी. मग काय, ढेकळं दाखवायची त्यांना?"

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मिस्त्रींनी खाली वाकून आपलं काम पाहिलं आणि त्यांना समजलं. पाणी माती अडवत नव्हती. त्यांची थापी अडवत होती. मातीची सगळी तोंडं त्यांनी स्वतःच्या हाताने लिंपून टाकली होती.

"बाईंना सांगून पुन्हा मोजता येईल," बायको म्हणाली. "मघाशी जाता जाता त्या लेकीला म्हणाल्या ते मी ऐकलं. मातीला दुसरी संधी नसते. खड्डाच चुकला असेल तर मिळते. पण खणणाऱ्याने येऊन तसं सांगावं लागतं."

"चुकला म्हणून?"

"चुकला म्हणून."

मिस्त्रींनी घोटलेल्या भिंतीवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला.

"नसेल सांगायचं तर नका सांगू," बायको म्हणाली. "मी तोंड उघडणार नाही. माती वाईट निघाली म्हणू. कुणाला काय कळतंय. पोरगी जाईल, दिवाळं काही निघत नाही. जाते तशी येते."

ही बाई नवऱ्याला कधी ढकलत नसे. दोन्ही बाजू समोर ठेवायची, एका बाजूला जरा जास्त नीट पुसून.

पालिकेच्या कार्यालयात त्या वेळी गर्दी असते. बाकावर गावातले निम्मे ठेकेदार, प्लंबर, गवंडी आपापल्या मंजुरीची वाट बघत बसलेले. मिस्त्री आत आले तसे दोघे उठून उभे राहिले, एकाने जागा दिली. मिस्त्री बसले नाहीत. सरळ निरीक्षक बाईंच्या टेबलाशी गेले. हळू बोलण्याची सोय होती, पण हळू बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"खड्डा माझा चुकला," ते म्हणाले. "तिन्ही चुकले. माती चांगली आहे. पुन्हा मोजा."

बाकावरच्यांनी माना वळवल्या.

"काय चुकलं?" बाईंनी विचारलं.

"पाणी धरून राहिलं."

"काय चुकलं?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"मी भिंती घोटल्या. घोटायच्या नव्हत्या."

"सिमेंट लावलंत?"

"छे. नुसती थापी. आणि बागेतली माती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी इतकी वर्षं खड्डे मोजते. लोक आत वाळू टाकतात, तळाला भोक पाडतात, पाणी लवकर उतरावं म्हणून काय वाट्टेल ते करतात. उतरू नये म्हणून मेहनत घेणारा पहिलाच माणूस बघतेय."

बाकावर कुणीतरी हसलं. एक म्हातारा गवंडी म्हणाला, "कोरडे, तुमचं काम चुकलं? आजवर कधी ऐकलं नाही."

"आज ऐकलंस," मिस्त्री म्हणाले. "नुसत्या मातीत, रात्रभर, पट्टीवर एक रेघसुद्धा पाणी हललं नव्हतं. करून दाखव."

चूक कबूल करायला गेलेला माणूस बढाई मारून परत आला, असं पुढे गावात सांगितलं जाई. ते खोटं नाही. पण बढाई नंतरची, आधीचं वाक्य त्यांनी पाय घट्ट रोवून सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं, हेही बाकावरच्यांनी पाहिलं.

दुसऱ्या वेळचे खड्डे लेकीने समोर उभं राहून करून घेतले. बॅग कपाटावर परत गेली नव्हती, दाराशीच होती. तिने बापाच्या हातातली थापी काढून घेतली आणि तारेचा ब्रश दिला.

"खरवडा."

"खरवडलं."

"अजून. कडा दिसताहेत."

"कडा नको?"

"नको. उंदराने उकरल्यासारखा दिसला पाहिजे."

"हे बघून लोक काय म्हणतील?"

"बाबा, पाणी बघायचंय त्यांना, खड्डा नाही."

मिस्त्रींनी भिंती खरवडल्या, तळाला खडीचा थर दिला आणि तोंड फिरवून घेतलं. असलं काम कुणी त्यांच्या हाताखालच्या माणसाने केलं असतं तर त्याला दुपारच्या आत घरी पाठवला असता.

बाई आल्या. पाणी ओतलं. औषधवाले कुंपणाशी हजर होते. विहीर त्यांची होती, उत्सुकता तर होतीच. पाणी थोडा वेळ स्थिर राहिलं. मग भिंतीवर ओल्या मातीची एक बारीक कड उघडी पडली. मग ती कड रुंद झाली. मिस्त्री खड्ड्यावर ओणवे झाले होते. उतरणाऱ्या पाण्याकडे बघून त्यांच्या छातीत जे झालं ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. भरलेली टाकी बघून व्हायचं त्याच्याच जवळपासचं काहीतरी होतं.

"फार भरभर नाही ना उतरत?" औषधवाल्यांनी विचारलं. "भरभर म्हणजे गाळलं न जाताच खाली."

"नाही," बाई पट्टी वाचत म्हणाल्या. "हवं तसं. सावकाश आणि सारखं."

"माती कुणाची आहे," मिस्त्री म्हणाले. जणू तीही त्यांनीच कालवली होती.

बाईंनी हो म्हटलं आणि लेकीने राजीनामा त्याच दुपारी पाठवला. बाईंनी आराखडा काढला तेव्हा एक नवीच अडचण निघाली. पाइपांची ओळ जिथून जाणार तिथे बायकोने रोपापासून वाढवलेलं लिंबाचं झाड होतं. बाई म्हणाल्या की झाड जवळ असलं की मुळं ओल शोधत पाइपांत शिरतात. वर गवत चालेल, झाड नाही. मिस्त्री म्हणाले, ओळ वळवून बघतो. लेक म्हणाली, आई, आपण दुसरं काही काढू. दोघं कागद उलटासुलटा करत असताना बायको आत गेली, कुऱ्हाड घेऊन आली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"मुळापासून काढा," ती म्हणाली. "अर्धवट ठेवू नका. काम नीट करायचं."

मग टाकी उठली. दोन कप्पे, मधली भिंत, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांना तवंग अडवणारी वाकणं, वर उपसायला झाकणं. बाहेरची वाट आधी बंद करून मिस्त्रींनी टाकी काठोकाठ भरली, पेन्सिलीने रेघ मारली, दुसऱ्या दिवशी गल्लीला बोलावून दाखवली. मग त्या वाटेचं बूच स्वतःच्या हाताने काढलं आणि पाणी पाइपांच्या चरांकडे चालू लागलं तसे त्याच्याबरोबर बागेच्या टोकापर्यंत चालत गेले. चर बुजवून वर गवत धरल्यावर ते येईल त्याला तिथे उभं करत.

"पायाखाली काय आहे सांगा."

"गवत."

"बरोबर. वास येतोय?"

"नाही."

"बरोबर," मिस्त्री म्हणत आणि पुढच्या माणसाला बोलवत.

पाळणाघर चालू झालं, भरलंही. आता कुणी काय भरलं ते मांडून हिशेब मिटवू. औषधवाल्यांनी काहीच भरलं नाही, त्यांची विहीर जशी होती तशी राहिली. म्हणून सगळ्यात जास्त सल्ले तेच देतात, शिवाय नातू सकाळी पहिला आणून सोडतात. लेकीने शहरातली नोकरी भरली, पण ती तिला जडच झाली होती, तेव्हा तो खर्च धरायला नको. मिस्त्रींनी भरल्या बाकासमोर एक वाक्य भरलं. ते त्यांना महाग पडलं, आणि फिटलंही.

बायकोने झाड भरलं. त्याबद्दल ती कुणाकडे बोलत नाही. लिंबं विकत आणते आणि पिशवीच्या तळाशी ठेवते, नवऱ्याला दिसू नयेत म्हणून. दुपारी पोरं झोपली की दारात बसते. समोर मिस्त्री कुणा नव्या माणसाला गवतावर उभं करून "हे मी केलं" सांगत असतात. ती ऐकते, मध्ये बोलत नाही, आणि पाहुण्याने आपल्याकडे पाहिलं तर मान ताठ करून "हो, ह्यांनीच" म्हणते. भरणा सगळ्यात मोठा तिचा. पावती तिने आपणहून त्यांच्या नावावर फाडून दिली.